कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही, काय करू?

चार महिन्यांत एकही फोटो मनासारखा आला नाही, सगळं काढून झाल्यासारखं वाटतंय, नवीन लेन्स घेऊ का आणि या चार महिन्यांतले फोटो सरळ उडवून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. लेन्सचं आधी सांगते, नका घेऊ. माझं असंच झालं होतं तेव्हा मी वाइड अँगल घेतली, पंधरा दिवस जाम मजा आली, दिसेल ती गोष्ट ताणून वाकडी करून झाली आणि मग परत ये रे माझ्या मागल्या, फक्त आता कपाटात एकाच्या जागी दोन लेन्स धूळ खात होत्या.

माझं घोडं कुठे अडलं होतं ते मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं आयडिया संपल्या. पण मी करत काय होते, तर एक फोटो काढायचा, लगेच मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर बघायचं, 'छ्या, काही नाही' म्हणून डिलीट, परत एक, परत डिलीट. म्हणजे पेपर लिहिणारी पण मीच आणि तपासणारी पण मीच, ते पण एकाच सेकंदात, असं केल्यावर हात आखडणार नाही तर काय होणार. म्हणून मेन्यूत जाऊन फोटो काढल्यावर आपोआप दिसतो ते इमेज रिव्ह्यू बंद केलं आणि महिनाभर कार्डातलं काही बघायचं नाही असं ठरवलं. (कॉपी मात्र दोन ठिकाणी करून ठेवायचे, न उघडता. तिथे आळस नको.)

हे काही माझं डोकं नाही. गॅरी विनोग्रँड म्हणून अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर होता, तो रोल डेव्हलप करायला मुद्दाम वर्ष वर्ष थांबायचा, कारण काढताना आपण खुशीत असलो तर फोटो पण उगाच भारी वाटतो, तो मूड विसरला की मग फोटो फोटोसारखा दिसतो. आता 1984 मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजाराच्या आसपास रोल डेव्हलप न केलेले निघाले, इतकंही थांबू नका! माझ्या बाबतीत उलटं होतं, मूड वाईट म्हणून बरे फोटो पण वाईट वाटत होते.

दुसरं म्हणजे मी बाहेर जाणंच बंद केलं. सगळे सांगतात फिरायला जा, नवीन जागा बघा, मला त्याने अजून टेन्शन यायचं, एवढं लांब आलोय तर काहीतरी मिळालंच पाहिजे म्हणून. आंद्रे कर्टेस म्हणून फोटोग्राफर होता, त्याची बायको 1977 मध्ये गेली तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता, नंतर त्याने पोलरॉइडवर, म्हणजे फोटो लगेच छापून हातात देणाऱ्या कॅमेऱ्यावर, घरातल्या घरात, खिडकीत एक काचेचा छोटा पुतळा ठेवून फोटो काढले, त्या पुतळ्याच्या मानेत आणि खांद्यांत त्याला ती दिसायची. ते फोटो बघा जमलं तर.

मी आपला पाण्याचा ग्लास घेतला. एक खिडकी, एक ग्लास, 50 एमएम लेन्स, आणि आठवड्याला 36 फोटो, जुन्या रोलसारखे, त्यापुढे एकही नाही. पहिले तीन दिवस तेच ते, कोणीही काढेल असे. चौथ्या-पाचव्या दिवशी इतका कंटाळा आला की सोडूनच देणार होते. खिडकी उजळ असली की कॅमेरा फसतो आणि ग्लास काळा पडतो, तर कधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते सांगायची सेटिंग) दीडने वाढवायचं, कधी मुद्दाम काळाच ठेवायचा, कधी खोलीच्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली उघडते, असले उद्योग करत बसले. आणि आठव्या दिवशी मला दिसलं की ग्लासातल्या पाण्यातून बाहेरचं सगळं डावं-उजवं उलटं दिसतं, वर-खाली मात्र सरळच. शाळेत लेन्सचा धडा शिकलेय, जन्मभर ग्लासाने पाणी पितेय, दिसलं तेव्हा कुठे. त्या दिवशी 36 कमी पडले.

हां, फोटोग्राफी हाच धंदा असेल आणि सलग कामं करून वीट आला असेल तर यातलं काही करू नका, सरळ सुट्टी घ्या. आणि जेवण, झोप, माणसं, कशातच मन लागत नसेल तर हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, डॉक्टरांशी बोला.

आता ते चार महिन्यांतले फोटो. अजिबात उडवू नका. मी तेव्हाच्या काळातले जे काही डिलीट करायचे राहून गेले होते, चारेकशे असतील, ते वर्षभराने उघडले तर त्यातले अकरा मला आवडले आणि गंमत म्हणजे जे मन लावून काढले होते त्यातला एक पण नाही, जवळजवळ सगळे अर्धवट उघड्या दारांचे, जाता जाता काढलेले. मला दारं आवडतात हे मला माहीतच नव्हतं. जे डिलीट केले त्यात अजून किती दारं होती देव जाणे.