मिथिलीन ब्लू निघतो, मग रिॲक्टिव्ह रंग का निघत नाही?

प्रश्न : करवंटीपासून केलेल्या सक्रिय (बारीक छिद्रांच्या) कोळशाने मिथिलीन ब्लू या चाचणीच्या निळ्या रंगाचं पाणी तासाभरात नितळ होतं. तोच कोळसा रंगाईच्या सांडपाण्यात टाकला, तर रिॲक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) जेमतेम फिका पडतो. कोळसाच वाईट आहे का?

उत्तर : कोळसा बहुधा ठीक आहे, परीक्षा सोपी घेतलीत. मिथिलीन ब्लूचा रेणू लहान (रेणुभार सुमारे ३२०) आणि धनभारित असतो. ऋणभारित पृष्ठभागाला तो आपसूक चिकटतो, साध्या भुशालाही. रिॲक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ते ऋणभारित. त्यातल्या रिॲक्टिव्ह ब्लॅक ५चा रेणुभार तर हजाराच्या घरात जातो. रंगाईतल्या सोड्यामुळे तुमच्या पाण्याचा पीएच १०-११ असणार. तिथे कोळशाचा पृष्ठभागही ऋणभारित होतो आणि रंगाला दूर लोटतो.

दुसरी अडचण छिद्रांची. करवंटीच्या कोळशात २ नॅनोमीटरहून बारीक छिद्रंच जास्त. मोठा रेणू त्यांत शिरत नाही. आयोडीन अंक (ग्रॅमभर कोळसा किती मिलीग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा) याच बारीक छिद्रांचा हिशेब देतो, त्यामुळे नुसता तो पाहून माल घेऊ नये. लाकडापासून केलेला, २ ते ५० नॅनोमीटर छिद्रांचा कोळसा इथे सहसा उजवा ठरतो. रंगाईतल्या मिठाला लगेच दोष देऊ नका. एकाच भाराचा रंग आणि पृष्ठभाग असताना मीठ उलट मदतही करतं. साबणासारखे सहायक पदार्थ मात्र जागा अडवतात.

चाचणी स्वतःच्याच पाण्यावर करा. कोळसा धुऊन १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. सहा चंबूंत प्रत्येकी १०० मिली पाणी घेऊन ०, ०.१, ०.२, ०.५, १ आणि २ ग्रॅम कोळसा टाका आणि सतत हलवत ठेवा. रंगाची तीव्रता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एकामागून एक दोन वाचनं सारखी येईपर्यंत थांबा. मग हाच संच पीएच ७ आणि ४ ला पुन्हा लावा. गाळणकागद स्वतःच रंग पितो, म्हणून सेंट्रिफ्यूज वापरा किंवा गाळलेले पहिले १० मिली टाकून द्या. वाचनापूर्वी सगळ्या नमुन्यांचा पीएच एकच करा, नाहीतर रंगछटेतला बदल ‘रंग निघाला’ म्हणून मोजला जाईल. रंगांचं मिश्रण असेल तर ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटरला वाचन घ्या.

‘९५ टक्के रंग गेला’ हा आकडा एकटा फसवा असतो. २ ग्रॅमच्या चंबूत तो हमखास दिसेल, पण त्या मात्रेने १०,००० लिटर पाण्याला २०० किलो कोळसा लागतो! ०.२ ग्रॅमने रंग लिटरला १०० वरून २० मिलीग्रॅमवर आला, तर ग्रॅममागे ४० मिलीग्रॅम बसला. त्या हिशेबाने तेवढ्याच पाण्याला २० किलो पुरतो.

प्रश्न : कोळसा भरलेल्या स्तंभातून पाणी सोडलं, तर रंग अपेक्षेपेक्षा फार लवकर बाहेर येऊ लागतो. का?

उत्तर : आधी तंतू आणि गाळ पाहा. ते वरचा थर बुजवतात आणि पाणी कडेने वाट काढतं. कोळसा भरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात भिजवून हवा काढा. डिस्पर्स रंग (पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, पॉलिएस्टरचे) असतील तर ते तुरटीने आधीच खाली बसवा; त्यांच्यावर कोळसा खर्च करण्यात अर्थ नाही. दोन स्तंभ एकामागे एक लावा : पहिला संपला की तो बदलायचा, दुसरा पुढे आणायचा. वापरलेला कोळसा अल्कलीने धुतला तर थोडाच रंग सुटतो आणि पुन्हा रंगीत पाणीच हाती येतं. खरं पुनरुज्जीवन वाफेच्या भट्टीत, ८०० अंशांच्या वर. ते शक्य नसेल तर तो कोळसा घातक कचरा म्हणूनच हाताळा, मातीत मिसळू नका.