रात्री अडीच वाजता हातात आलेली अँप्युल

"मॅडम, घरी पोचले की मी वॉर्डला फोन करते. काल सकाळीच चार वेळा केला. अकरा नंबरच्या पेशंटला मी बरोबर तेच इंजेक्शन दिलं ना, एवढंच विचारते. आता तिकडच्या मैत्रिणी माझा फोन उचलत नाहीत."

समोर बसलेली मुलगी सत्तावीस वर्षांची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली, पाच वर्षं स्टाफ नर्स, जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयात. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाइट संपवून ती थेट माझ्याकडे आली होती. बोलताना डाव्या तळहातावर काही तरी पुसत होती. जवळून पाहिलं तर पेनाने लिहिलेले आकडे होते, खाट नंबर आणि वेळा. कागद हाताशी नसला की हातावरच लिहून ठेवायची सवय.

शेवटी तिने तो प्रश्न विचारला, जो माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक परिचारिका कधी ना कधी विचारतात. "माझ्यातच काही तरी कमी आहे का? मला हे झेपत नाही, तर सोडून देऊ का?"

महिन्यापूर्वी घडलं ते असं. मेडिकल वॉर्ड, २८ खाटा, त्यातल्या २४ भरलेल्या. रात्रीला ती आणि एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. अडीचच्या सुमारास एका आजोबांना अँटिबायोटिक द्यायचं होतं. व्हायलमधली, म्हणजे औषधाच्या बाटलीतली, पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या दहा मिलीच्या अँप्युल, म्हणजे फोडून वापरायच्या बंद कुप्या, होत्या आणि त्यांना खेटूनच पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलीच्या अँप्युल. आकार तोच, आतलं औषध तसंच पाण्यासारखं. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजत होता आणि सात नंबरचे नातेवाईक सलाइन संपलं म्हणून मागे उभे होते. तिने अँप्युल फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि व्हायलला टोचण्याआधी लेबल पुन्हा एकदा वाचलं.

पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ते गेलं नाही. तिने सिरिंज टाकून दिली, नवीन भरली, आजोबांना औषध दिलं. सकाळी इन-चार्ज सिस्टरना तिने स्वतःहून सांगितलं.

"मग?"

"मग मेमो आला. खुलासा लिहून घेतला. तीन दिवसांचा पगार कापला. राउंडला डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, सिस्टर, डोळे घरी ठेवून येता का."

चूक रुग्णापर्यंत पोचायच्या आत तिने पकडली होती, आणि कुणी पाहिलेलं नसताना सांगितली होती. चांगल्या परिचारिकेकडून आणखी काय हवं असतं? त्या दिवशी वॉर्डातल्या बाकीच्या मुलींनी जे पाहिलं त्यातून त्या एकच गोष्ट शिकल्या असणार: सांगायचं नाही. पोटॅशियमच्या अँप्युल मात्र त्याच ट्रेमध्ये, त्याच जागी राहिल्या.

पहिल्या भेटीत मी चुकले, हे सांगायला हवं. तिची झोप, धडधड, पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं, हे सगळं मी तिच्या मनाचा त्रास म्हणूनच ऐकलं. श्वासाचा व्यायाम शिकवला. फोन करावासा वाटला की आधी पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, असा सराव दिला. सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, अर्धा तास थांबले. पण प्रश्न तसाच राहिला, कारण मला खरंच माहीत नव्हतं."

खरंच माहीत नव्हतं. या वाक्याने मी थांबले. तिला म्हटलं, पुढची एक नाइट तासातासाने लिहून आण. काही सजवू नकोस, जे झालं ते लिही.

तिने आणलेली ती दोन पानं मी अजून विसरलेले नाही. आठला ड्युटी सुरू. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीने रुग्णांची माहिती सोपवणं, काउंटरवर उभ्याउभ्या, २४ रुग्णांचा मिळून सात मिनिटं, कारण आधीच्या सिस्टरची शेवटची बस सुटत होती. साडेनऊला वॉर्डबॉय मामा दुसऱ्या मजल्यावर गेलेले, म्हणून औषधं आणायला ती स्वतः खाली फार्मसीत. दहाची औषधं द्यायला घेतली आणि एका ट्रॉलीच्या फेरीत अकरा वेळा कुणी ना कुणी थांबवलं: फोन, बिलिंगची एंट्री, नातेवाईक, पंखा चालत नाही. एक वाजता नवीन ॲडमिशन. तीनला डबा उघडला, तसाच बंद केला. पाचपासून सॅम्पल. सकाळी पुन्हा काउंटरवर पाच मिनिटांचा हँडओव्हर.

ते वाचताना फोनचा उलगडा झाला. ती घरून फोन करत होती तो नुसता मनाचा चाळा नव्हता. वॉर्डात जो हँडओव्हर पुरा झालाच नव्हता, तो ती घरी बसून पुरा करत होती.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "म्हणजे मी वेडी नाहीये?"

आपल्याकडे नर्सिंगचं कौतुक करताना सेवाभाव, त्याग, हसतमुख असे शब्द येतात. १२ मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल आणि केक असतो. मला त्या फुलाबद्दल राग नाही. पण काम उत्तम होणं हे फक्त त्या बाईच्या स्वभावावर सोडलं, की काम बिघडल्यावर दोषही तिच्या स्वभावालाच लागतो. संशोधन वेगळं सांगतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका थकून खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकषही साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असं सांगतात. हिच्याकडे २४ होते. एएनएमची मदत धरली तरी १२.

आणखी एक अभ्यास मी परिचारिकांना नेहमी सांगते. १९८० च्या आसपास अमेरिकेत परिचारिकांचा मोठा तुटवडा होता. बाकीच्या रुग्णालयांतून परिचारिका सोडून जात असताना काही ठिकाणच्या मात्र टिकून होत्या. १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अहवाल निघाला. लोहचुंबकासारखी माणसं धरून ठेवतात म्हणून त्यांना 'मॅग्नेट' म्हटलं गेलं. तिथे पुरेशी माणसं होती, ड्युटी लावताना विचारलं जात होतं, रुग्णाच्या शुश्रूषेबद्दल परिचारिकेच्या शब्दाला वजन होतं आणि वरच्या सिस्टर पाठीशी उभ्या राहत होत्या.

इतकं लांब जायचीही गरज नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं केली. हे कुणा एका थोर सिस्टरचं काम नव्हतं, तेवढी वर्षं एकीची नोकरीच नसते. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात ते काम सोपवलं. आणि हेही विसरता येत नाही, की अरुणा स्वतः तिथेच परिचारिका होत्या आणि ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला होता. मी रुग्णालयात गेले की म्हणूनच आधी विचारते: सिस्टर लोकांची चेंजिंग रूम कुठे आहे? तिला आतून कडी आहे का?

परत तिच्याकडे येते. मेमोला उत्तर म्हणून तिला राजीनामा लिहायचा होता. मी म्हटलं, तो खिशात राहू दे, आधी एक अर्ज लिही, पण एकटीने नको. एकटीचा अर्ज तक्रार म्हणून वाचला जातो. वॉर्डातल्या पाच जणी एका रविवारी तिच्या घरी जमल्या. नुसतं "स्टाफ वाढवा" असं लिहायचं नाही, उद्यापासून करता येईल ते आधी लिहायचं, एवढंच मी सुचवलं होतं. अर्जात चार गोष्टी आल्या. पोटॅशियम क्लोराइड वॉर्डच्या ट्रेमधून काढून वेगळ्या कुलूपबंद डब्यात लाल लेबल लावून ठेवावं आणि भरताना दोघींनी तपासावं. औषधाची ट्रॉली फिरत असताना फोन आणि नातेवाईक दुसऱ्या कुणी तरी बघावेत. हँडओव्हर खाटेपाशी व्हावा. आणि टळलेली चूक सांगितली तर पगार कापू नये.

मेट्रन मॅडम, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, अर्ज पाहून सुरुवातीला रागावल्या. "आम्ही एकेकीने चाळीस-चाळीस पेशंट सांभाळले." मुलींनी वाद घातला नाही, ती दोन पानं पुढे ठेवली. मेट्रननी ती उभ्यानेच वाचायला घेतली, मग बसून वाचली. त्या कठोर नव्हत्या, वरून त्यांनाही रोज खाटा आणि खर्च यांचाच हिशोब विचारला जात होता. डबा त्याच आठवड्यात आला. खाटेपाशी हँडओव्हर सुरू व्हायला महिना गेला, कारण त्यासाठी ड्युटीच्या वेळा पंधरा मिनिटांनी एकमेकींवर आणाव्या लागल्या आणि बसची वेळही बघावी लागली. ट्रॉलीच्या वेळी फोन घ्यायला रात्री एक मावशी मिळाल्या. रात्रीला तिसरं माणूस मात्र अजून आठवड्यातून चारच दिवस असतं. कापलेला पगार परत मिळाला नाही. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. पण मेट्रननी पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं, की टळलेली चूक रजिस्टरमध्ये लिहायची आणि त्यावर मेमो निघणार नाही.

तुम्ही परिचारिका असाल आणि "मला झेपत नाही" असं वाटत असेल, तर माझी विनंती आहे, आधी तुमची एक ड्युटी तासातासाने लिहून बघा. ती दोन पानं वाचून मग ठरवा, तुम्ही कमी पडता की माणसं कमी आहेत. नोकरी बदलणं हाही सरळ मार्ग आहे, त्यात पळपुटेपणा नाही. पण झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पानं लिहीत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तिचे फोन चारावरून एकावर आले, मग थांबले. झोपेला आणखी वेळ लागला. शेवटच्या भेटीत तिने एक गोष्ट सांगितली. नाइटला नवीन लागलेली एक मुलगी तिच्याजवळ आली, हात थरथरत होते. "ताई, मी इन्सुलिन जास्त भरलं होतं. दिलं नाही. पण भरलं होतं."

तिने त्या मुलीला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग दोघींनी सिरिंज दिव्याखाली धरून युनिट मोजले, नवीन भरली, रुग्णाला दिली आणि रजिस्टर काढून वेळेसकट नोंद केली. खाली दोघींच्या सह्या. सकाळी इन-चार्ज सिस्टरनी ती नोंद वाचली आणि त्या मुलीला विचारलं, चहा घेतलास का.