झोप लागत नाही हे दिवसा सांग

रात्री अडीचला टाकलेला मेसेज तू मी वाचायच्या आधीच डिलीट केलास, आणि दुपारी विचारलं तर म्हणे 'काही नाही, सहजच'. असं नको करूस रे. झोप लागत नाही यात लपवण्यासारखं काय आहे?

चहा-कॉफी, मोबाईल, ती सगळी पथ्यं तुला पाठ आहेत, ते सोड. माझं एकच म्हणणं आहे, दिवसा सांग. शेजारच्याला कळू नये म्हणून कूस न बदलता पडून राहणं, 'आत्ता लागली तर चार तास तरी मिळतील' हा हिशोब, सगळं माहितीये मला. त्या वेळी डोक्यात येतं ना की मी कुणालाच नकोय, उद्या कामावर माझी वाट लागणार, ते तेव्हा शंभर टक्के खरं वाटतं कारण खोडून काढायला कुणी जागं नसतं. तेच दुपारी कुणासमोर मोठ्याने बोलून बघ, अर्धं तिथेच गळून पडतं.

मला लोक म्हणायचे किती रडगाणं गातेस. गायले, अजूनही गाते! त्यामुळेच तर घरच्यांना कळलं की सकाळी सकाळी हिच्याशी वाद घालायचा नाही. त्याआधीची गप्प बसण्यात गेलेली वर्षं मात्र अजून सलतात.

आणि नीट सांग. नुसतं 'झोप येत नाही' म्हटलंस की समोरचा उपाय सुरू करतो. त्याला म्हण, उपाय नकोत, दहा मिनिटं ऐक फक्त. आणि हेही त्याला सांग, रोज सकाळी 'लागली का झोप?' विचारू नकोस, त्याने रात्रीची परीक्षाच होते.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांच्या वर असं चाललं असेल तर डॉक्टरकडे जा, सीबीटी-आयबद्दल विचार, म्हणजे गोळ्यांशिवाय, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलच्या समजुती बदलायची थेरपी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ सालीच मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून तीच सांगितलीये, गोळ्या नंतर. त्या थेरपीत बऱ्याचदा बिछान्यातला वेळच कमी करतात, सुरुवातीला दिवसा पेंग येते, जीव नकोसा होतो आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात. म्हणून म्हणते आधीच कुणाला तरी सांगून ठेव, ठरलेल्या वेळेपर्यंत गप्पा मारत तुला जागं ठेवेल, त्या दिवसांत गाडी तो चालवेल.

फक्त जगणंच नको असं वाटलं तर दिवस उजाडायची वाट बघायची नाही. त्या क्षणी कुणालाही उठव. मला उठव, फोन कर, मेसेज नको.