श्लायरमाखर : प्रस्तावनेतच अडकू नका

प्रश्न : जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ श्लायरमाखरने ख्रिस्ती धर्म केवळ भावनेवर उभा केला, असे मी टिपणात लिहिले. मार्गदर्शक म्हणतात, हे मत आता टिकत नाही. का? – एक विद्यार्थी, बिबवेवाडी, पुणे

उत्तर : तुमचे मत मुख्यतः ब्रुनर (१९२४) आणि बार्ट या विसाव्या शतकातल्या स्विस ईश्वरशास्त्रज्ञांच्या टीकेतून आले आहे. ती टीका वजनदार आहे, पण तिचा रोख श्लायरमाखरच्या ‘ख्रिस्ती श्रद्धा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर आहे. दुसऱ्या आवृत्तीत (१८३०-३१) प्रस्तावना ३१ परिच्छेदांची, तर अख्खा ग्रंथ १७२ परिच्छेदांचा आहे.

‘संपूर्ण अवलंबित्वाची जाणीव’, म्हणजे आपण सर्वस्वी ईश्वरावर अवलंबून आहोत हे भान, चौथ्या परिच्छेदात येते, आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. ही जाणीव म्हणजे मनाची क्षणिक उचंबळ नव्हे. विचार आणि कृती या दोन्हींच्या मुळाशी असलेले ते अव्यवहित (विचाराच्या मध्यस्थीशिवाय थेट असलेले) आत्मभान आहे. शिवाय परिच्छेद ३ ते १४ मधली विधाने नीतिशास्त्र, धर्मतत्त्वज्ञान अशा शाखांतून उसनी घेतल्याचे तो स्वतःच सांगतो. ती विधाने सिद्धान्ताचा पाया नाहीत.

श्लायरमाखरच्या पुनर्मूल्यांकनाला बळ मिळाले ते त्याच्या समग्र लेखनाच्या १९८० पासून निघू लागलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे. ल्युके या ईश्वरशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेली त्याची १८२९ची पत्रेही जरूर वाचा : ग्रंथाचे दोन्ही भाग उलटे लावावेत, म्हणजे पाप आणि कृपा यांवरचा दुसरा भाग आधी घ्यावा का, याचा तो तिथे गंभीरपणे विचार करतो.

तेव्हा आधी ११वा परिच्छेद, मग थेट १०० आणि १०१ वाचा. ख्रिस्त आपले ईश्वरभान श्रद्धावंतांपर्यंत कसे पोचवतो, हा खरा गाभा तिथे आहे. चौथा त्यानंतर. श्लायरमाखरच्या निवडक लेखनाला बार्टने १९६८मध्ये जोडलेला उपसंहारही टिपणात घ्या. त्याचा स्वतःचा सूर तिथे बराच मवाळ झालेला आहे.