वाचकांचे प्रश्न : दगडाचं पातं, बाणाची दांडी

दगडी पात्यांच्या बाणांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या शेतात आणि ओढ्यात काळा दगड हवा तेवढा आहे. त्याचं पातं का होत नाही? घणानं फोडला तर नुसते ओबडधोबड तुकडे पडतात. (कागल)

काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो चिवट असतो, पण त्यात बारीक स्फटिकांची गर्दी असते. टवका उडताना भेग सरळ पुढे जायला हवी, ती या स्फटिकांवर अडखळते. पाटा, जातं, फार तर दगडी कुऱ्हाड यांना तो चालेल, पात्याला नाही. पात्याला काचेसारखा फुटणारा दगड लागतो.

तो तुमच्याच ओढ्यात मिळेल. या बेसाल्टमध्ये जागोजाग पोकळ्या असतात आणि त्यांत कॅल्सेडनी, अकीक, जास्पर हे असेच काचेसारखे फुटणारे दगड साचलेले असतात. भोवतीचा खडक झिजला की ते गोटे मोकळे होऊन गाळात येतात. मुठीएवढा गोटा उचला आणि एक कोपरा फोडून बघा. फुटलेली बाजू मेणबत्तीसारखी गुळगुळीत दिसली आणि पातळ कडेतून उजेड आरपार आला (जास्परमधून येत नाही), तर घ्या. साखरेसारखे कण दिसले तर ती नुसती पांढरी गारगोटी, तिथंच टाका. दोन दगड एकमेकांवर हलके आपटले की चांगला खणखणतो. बद्द आवाज आला तर आत तडा आहे.

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांची बारीक पाती याच जातीच्या दगडाची आहेत. मात्र दोन्ही बाजूंना खाचा असलेलं जे पातं सगळे नेटवर बघतात, ते मुख्यतः अमेरिकेतलं. आपल्याकडे चंद्रकोरी आणि त्रिकोणी आकाराचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे लाकडाच्या खोबणीत डिंक किंवा राळेनं बसवायची पद्धत जास्त दिसते. नवख्यानं खरं तर तेच आधी करावं, सोपं पडतं.

एक सांगून ठेवतो. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीसारख्या जुन्या वस्तीच्या टेकडीवरून दगडाचा तुकडासुद्धा उचलू नका.

प्रश्न : काचेवर सराव करतोय. पातं निम्मं होत आलं की मधोमध मोडतं, नाहीतर टवका अर्ध्यावर थांबून पायरी पडते. जोर कमी पडतोय का? (इचलकरंजी)

जोर बहुतेक जास्तच होतोय. चूक कडेत आहे.

काच 5 किंवा 6 मिमीची साधी घ्या, काचवाल्याकडे कातरणं मिळतात. टफन्ड काच अजिबात नको, पहिल्याच दाबाला तिचा चुरा होतो. 5 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद तुकडा घ्या. कापलेल्या काचेची कड काटकोनात असते, तिच्यावर दाबायच्या हत्याराचं (मुठीत बसवलेल्या तांब्याच्या तारेचं, पुढच्या उत्तरात बघा) टोक टेकवून काही होत नाही. म्हणून आधी चारी बाजूंनी बारीक टवके काढून कड तिरकी करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक फेरीआधी कड खडबडीत दगडावर किंवा धार लावायच्या जाड कार्बोरंडमवर घासा, अंगठ्याला बोथट लागेपर्यंत. धारदार कड टोकाखाली चुरते, जोर तिथंच संपतो आणि मग पायरी पडते. घासल्यानंतर बोट फिरवून बघा : जिथं टोक टेकवणार ती कड जाडीच्या मध्यरेषेच्या खाली हवी. वर असेल तर टवका लांब जात नाही, कडेचाच मोठा लचका तुटतो.

तळहातावर जाड चामडं ठेवा (कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये तळाच्या चामड्याचे तुकडे मिळतात). हाताची मागची बाजू मांडीच्या आतून टेकवा. टोक कडेवर ठेवून आधी दगडाच्या आत, पात्याच्या मध्याकडे दाबत जा. दाब पुरेसा साठला की शेवटच्या क्षणी किंचित खाली. टवका खालच्या बाजूनं सुटतो. नवखे सुरुवातीपासूनच खाली दाबतात, म्हणून टवका आखूड निघतो. पातं मधोमध मोडतं त्याचं कारण वेगळं : खाली आधार नसतो. जिथं दाबताय त्याच्या खाली चामडं भरलेलं हवं, पातं बोटांवर पुलासारखं तरंगता कामा नये.

पायरी पडलीच तर त्याच बाजूनं पुन्हापुन्हा दाबून ती उंच करू नका. समोरच्या कडेनं टवके आणून तिच्या खालून घ्या.

खाचा सगळ्यात शेवटी. त्यासाठी खिळ्यासारखं बारीक टोक घ्या. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, तांदळाच्या कणीएवढे टवके. इथं आत दाबायचं नाही, नाहीतर मानच तुटते. पूर्ण पातं 3.5 ते 4 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद, 5 मिमी जाड आणि बुडाशी 4 मिमीच्या आत ठेवा.

प्रश्न : दाबायला सांबराचं शिंग वापरतात असं वाचलं. कुठं मिळेल? (राधानगरी)

मिळालं तरी घेऊ नका. जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा जवळ बाळगणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. अर्थिंगची 8 गेजची, म्हणजे साधारण 4 मिमीची तांब्याची तार घ्या. 12 सेंमी लाकडी मुठीत पक्की बसवा, दीड सेंमी बाहेर ठेवा. टोक गरम न करता हातोडीनं हलकं ठोका, त्यानं तांबं कडक होतं. मग कानशीनं घासा. काम करताना दर पाच-दहा मिनिटांनी टोक पुन्हा घासावं लागतं, ते गृहीत धरा.

प्रश्न : अकीक काचेपेक्षा फारच कडक लागतो. तो भाजून घेतात म्हणे? (गडहिंग्लज)

हो, गुजरातेतल्या खंबातचे अकीक कारागीर आजही मडक्यात भाजतात. दीड सेंमीपेक्षा पातळ टवके कोरड्या वाळूत सगळीकडून पाच सेंमी पुरून ठेवा. ओटीजी (विजेचा ओव्हन) असेल तर आधी 100 अंशांवर सात-आठ तास, मग तासाला 25 ते 30 अंशांनी चढवत 250 पर्यंत. तिथं चार तास ठेवून बंद करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दार उघडू नका. घाई केली तर आतलं पाणी फुगून दगडावर ताटलीसारखे खड्डे पडतात. नीट भाजलेला दगड फोडला की आतून तुकतुकीत दिसतो. लोह असेल तर रंग लालसर होतो.

प्रश्न : पातं दांडीला बसवलं, पण दोन-तीन बाणांत हलायला लागलं. पावसाळ्यात तर तातही सैल झाली. (करवीर)

पात्याला धरतं ते लाकूड. राळ फक्त फट भरते आणि तात दाबून ठेवते. खोबण ढिली असेल तर राळ कितीही ओता, पातं हलणारच.

बांबूची किंवा बोरूची दांडी पोकळ असते, तिच्यात थेट पातं बसवू नका. बाभळीच्या गाभ्याची 10-12 सेंमी काडी पुढे जोडा, तिचं चार सेंमी बूड बांबूत जाऊ द्या आणि बांबूचं तोंड आधी दोऱ्यानं गुंडाळा, म्हणजे तो चिरणार नाही. काडीत 10 ते 12 मिमी खोल खोबण करवतीच्या पात्यानं पाडा. खोबणीच्या तळालाही दोऱ्याचे चार वेढे हवेत. पात्याची मान आणि बूड घासून बोथट करा. हे विसरलात तर दगड आपलीच तात कापतो.

चिकटवायला : राळ 100 ग्रॅम, मधमाशीचं मेण 20 ग्रॅम, चाळलेली कोळशाची पूड 15 ग्रॅम. राळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. मंद आचेवर, उघड्या जाळापासून लांब, फक्त वितळवा. उकळली तर ठिसूळ होते आणि पेटतेसुद्धा. झाकण हाताशी ठेवा. काडी बुडवून पाण्यात थंड करा आणि वाकवा. काचेसारखी तुटली तर मेण वाढवा, नख रुतलं तर राळ. एप्रिलमध्ये बाण गाडीत राहणार असतील तर मेण 15 ग्रॅमच ठेवा.

तात बकऱ्याच्या मागच्या पायाच्या शिरेची (कंडरेची, रक्ताच्या शिरेची नव्हे) होते. सावलीत जाळीखाली पाच-सहा दिवस कडकडीत वाळवा, लाकडावर लाकडी मोगरीनं कुटा आणि धागे सोडवा. लोखंडी हातोडीनं धागे तुटतात. कोमट पाण्यात भिजवा. पाणी कढत असेल तर धागा आखडून रबरासारखा होतो. गाठ मारायची नाही, ओला धागा आपल्याच चिकटपणावर बसतो आणि वाळताना आवळतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, जुलैत तीन द्या. वाळल्यावर वरून राळेचा पातळ हात फिरवलाच पाहिजे, कारण दमट हवेत तात पुन्हा मऊ पडते. आपल्या पावसात हे टाळायचं असेल तर घायपाताचा दोरा राळ लावून गुंडाळा. दिसायला जाडाभरडा, पण टिकतो.

शेवटी टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बाण फिरवा. टोक गोल फिरताना दिसलं तर राळ गरम करून सरळ करा.

प्रश्न : उसात रानडुक्कर येतं. या बाणानं मारलं तर चालेल का? (शाहूवाडी)

नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात बंदूक आणि धनुष्य असा फरक नाही, परवानगीशिवाय शिकार हा गुन्हाच आहे. पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. बाण पाचटानं ठासून भरलेल्या पोत्यावर मारा, मागे मातीचा बांध हवा. पातं एखाद्या खड्यावर आपटलं की टोक जातं, म्हणून रोजच्या सरावाला त्याच वजनाचे बोथट बाण ठेवा. 40 पौंडी धनुष्याला पूर्ण बाण 26 ग्रॅमच्या आसपास असावा.

प्रश्न : गच्चीवर बसून काम केलं तर चालेल का? (कसबा बावडा)

चालेल, वारा पाठीमागून येईल असं बसा. चष्मा आणि एन-95 मास्क हवाच. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये सिलिकोसिस याच धुळीनं होतो, आणि सर्वांत जास्त धूळ कड घासताना उडते, म्हणून घासायचा दगड ओला ठेवा. खाली ताडपत्री अंथरा, लहान मुलं आणि अनवाणी माणसं लांब. चुरा झाडूनं गोळा करून डब्यात भरा. तो ओढ्यात किंवा पंचगंगेच्या काठावर टाकू नका : उद्या कुणी अभ्यासक तिथं फिरला तर त्याला तो जुना वाटेल. पात्याच्या बुडाशीही हिऱ्याच्या टोकानं सन कोरून ठेवा.