स्कंक कॅबेज खरंच बर्फ वितळवून उगवतं का? पुण्यात कुंडीत लावता येईल का?

वितळवतं. आणि पुण्यात जगणार नाही. त्याला कडक हिवाळा आणि बारमाही ओली जमीन लागते.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलीच्या रानांत फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं फुटायच्या आधीच, चिखलातून त्याचं जांभळट ठिपक्यांचं टोपरं वर येतं. आतला गोल फुलोरा जमिनीखाली साठवलेला स्टार्च जाळून भोवतालच्या हवेपेक्षा १५ ते ३५ अंशांनी गरम होतो. शास्त्रज्ञ रॉजर नटसन यांनी १९७४ साली हे 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. वास कुजकट, कारण थंडीत जे मोजके किडे फिरतात त्यांना बोलवायचं असतं.

पण "असलं घाणेरडं फूल लावतं कोण" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून लिहायला बसलो. मी लावलं होतं. त्याच्याच अळूच्या कुळातला सुरण, कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडलगत. वळवाचा पाऊस पडून गेला आणि जमीन फोडून फूल आलं: वर काळपट जांभळा, सुरकुतलेला, मेंदूसारखा गोळा. संध्याकाळी वास सुटला आणि सेक्रेटरींचा फोन, "कुठेतरी उंदीर मेलाय." मी त्यांना खाली नेलं, दांड्याच्या बुडाशी दाटीने बसलेली मादीफुलं आणि त्यांवर घोंघावणाऱ्या माशा दाखवल्या. मादीफुलं तयार असतात तेवढाच वेळ वास येतो, एक-दोन दिवसांत ओसरेल, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. सकाळी बघतो तर कंदासकट उपटून कचऱ्यात. मीटिंगमध्ये विचारलं तर म्हणे, "शोभेची झाडं लावा." एकादशीला सुरणाचे काप खाणारी माणसं ही! वास हे त्या झाडाचं काम आहे. माणसाच्या नाकासाठी झाडं फुलत नाहीत.

तुम्ही सुरणच लावा. मंडईतून डोळा शाबूत असलेला, चांगला मोठा कंद आणा. लहान कंदाला नुसतं पान येतं. किंवा पहिल्या पावसात सह्याद्रीत शेवळं बघायला जा, तीही याच कुळातली. यातलं काहीही कच्चं तोंडात घालू नका, घसा भयंकर खाजतो. आणि मोठ्या कंदालाही दरवर्षी फूल येईलच असं नाही.

सोसायटीत लावणार असाल तर कमिटीची परवानगी आधी लेखी घ्या. नाही म्हणाले तर वासाच्या झाडांना बंदी कुठल्या नियमात आहे ते विचारा. मी विचारलं होतं, अजून कोणी दाखवलेला नाही.