तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: वहीतली जहाजं, गेम बॉयमधली जहाजं

मागच्या अंकात घरी बसून खेळायच्या जुन्या खेळांवर लिहिताना बॅटलशिपचं (दोघांनी आपापल्या चौकोनांच्या पाटीवर जहाजं लपवायची आणि अंदाजाने चौकोन सांगून एकमेकांची बुडवायची, तो खेळ) नाव एका ओळीत घेतलं होतं, आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एकाच ओळीवर. मला फार बरं वाटलं, कारण हा माझा अत्यंत लाडका खेळ आहे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण जहाजांना दिलंय.

प्रश्न (सांगली): 1994-95 च्या सुमारास मामाने अमेरिकेतून गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं मशीन, आणला होता, त्यात एक जहाजांचा गेम होता. अर्ध्या भागात चौकोनांवर नेम धरून बाँब टाकायचे आणि दुसऱ्या भागात आपण पाणबुडीतून बघतोय असं चित्र यायचं. कॅसेट कधीच हरवली, नावही आठवत नाही. कुठला असेल?

उत्तर: तो रडार मिशन. शंभर टक्के, कारण चौकोन आणि पाणबुडी दोन्ही एकाच कॅसेटमध्ये असणारा तोच. निंटेंडोने स्वतः काढलेला, जपानमध्ये 1990 ला आणि अमेरिकेत 1991 ला आला. त्यात गेम ए म्हणजे आपला वहीतला खेळ, फक्त मैदान 8 बाय 8, 10 बाय 10 किंवा 12 बाय 12 असं निवडता यायचं. गेम बी मध्ये पाणबुडीतून समोरची जहाजं टॉर्पेडोने उडवायची आणि समोरच्याची पाणबुडी आपल्या जहाजांच्या मागे लागलेली असायची.

पुष्कळ लोक याची दुसऱ्या एका कॅसेटशी गल्लत करतात. बॅटलशिप हे नाव रीतसर लायसन्स घेऊन वापरलेला गेम माइंडस्केप कंपनीने आणला, गेम बॉयवर 1992 ला, मग 1993 ला मोठ्या निंटेंडोवर म्हणजे एनईएसवर, आणि त्याच वर्षी सुपर बॅटलशिप नावाने सुपर निंटेंडो आणि सेगाच्या मशीनवर. तुमचा मात्र रडार मिशनच. तो पुढे थ्रीडीएस या निंटेंडोच्या नंतरच्या हातातल्या मशीनच्या ऑनलाइन दुकानात मिळायचा पण तिथली विक्री मार्च 2023 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जुनी कॅसेट शोधणं हा एक सरळ रस्ता. शोधा हो, त्या चार हिरवट छटांमध्ये जहाज बुडताना बघायला आजही छान वाटतं.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही शाळेत चौकटीच्या वहीच्या मागच्या पानावर हा खेळायचो आणि मुलगा म्हणतो हा कंपनीचा गेम आहे, दुकानात डबा मिळतो. मग आधी काय, वही की डबा?

उत्तर: आधी वही! मुलाला नक्की सांगा. कागद-पेन्सिलवर हा खेळ पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून खेळला जातोय, कुणा एकाने शोधला असं म्हणता येत नाही. विकायला पहिल्यांदा आला तो 1931 ला अमेरिकेत, साल्व्हो नावाने, आणि तेव्हाही ते छापलेल्या कागदांचं पॅडच होतं. मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1943 मध्ये ब्रॉडसाइड्स नावाचं असंच पॅड काढलं. प्लॅस्टिकचा उघडणारा डबा, त्यात भोकं, लागलं तर लाल खुंटी आणि हुकलं तर पांढरी, हे सगळं 1967 चं. म्हणजे तुमचं वहीचं मागचं पान हे डब्याचं आजोबा आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1977 ला, इलेक्ट्रॉनिक बॅटलशिप आलं. आत चिप, बटणं दाबून जहाजांच्या जागा भरायच्या, नेम लागला की स्फोटाचा आवाज. गेम बॉयच्या कॅसेटआधीच या बोर्डवरच्या खेळात इलेक्ट्रॉनिक्स शिरलं होतं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण लोक समजतात बोर्ड एकीकडे आणि व्हिडिओ गेम दुसरीकडे, पण इथे वही, पॅड, डबा, चिपवाला डबा आणि मग कॅसेट अशी सरळ पायऱ्यापायऱ्यांनी वाट आहे.

प्रश्न (नाशिक, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष): सर, जुन्या बॅटलशिप गेममध्ये कंप्युटरशी खेळलो की सारखा हरतो. तो चीटिंग करतो का? त्याला माझी जहाजं कुठे आहेत ते माहीतच असणार ना?

उत्तर: मित्रा, माहीत असतंच! तुझी शंभर चौकोनांची पाटी त्याच्याच मेमरीत पडलेली असते. प्रश्न एवढाच की नेम धरताना प्रोग्राम तिकडे बघतो की नाही, आणि ते लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर असतं. पण तुला एक सांगतो, चीटिंग न करता सुद्धा तो तुला हरवू शकतो, आणि कसं ते तू कागदावर करून बघच, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सहज जमेल.

पाच जहाजं, 5, 4, 3, 3 आणि 2 चौकोनांची, मिळून 17 चौकोन. डोळे मिटून कुठेही मारत सुटलास तर शेवटचं जहाज बुडेपर्यंत सरासरी 95 नेम लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खी पाटी. सगळे इथेच मार खातात.

आता पहिली युक्ती. पाटी बुद्धिबळासारखी काळी-पांढरी रंगव. सगळ्यात लहान जहाज दोन चौकोनांचं, म्हणजे ते कसंही ठेवलं तरी एक काळा आणि एक पांढरा चौकोन अडवणारच. मग फक्त काळ्यांवरच मार ना, 50 चौकोनांत प्रत्येक जहाज एकदा तरी सापडणारच. ते दोनवालं बुडालं की उरलेलं सगळ्यात लहान जहाज तीनचं, मग तिरक्या ओळीत दर तिसरा चौकोन पुरतो. एकदा लागलं की आजूबाजूचे चार तपासायचे आणि दिशा कळली की त्याच ओळीत पुढे जायचं, हे तर आपण चौथीत असताना पण करायचो.

दुसरी युक्ती खरी मजेची. प्रत्येक चौकोनावर जहाज किती प्रकारे येऊ शकतं ते मोज. डाव सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यातल्या चौकोनावर प्रत्येक जहाज फक्त दोन प्रकारे येतं, एक आडवं एक उभं, पाच जहाजांचे मिळून 10 प्रकार. आणि मधल्या चौकोनावर? पाचवालं 10 प्रकारे, चारवालं 8, दोन्ही तीनवाली 6-6 आणि दोनवालं 4, मिळून 34. म्हणजे मध्यावर जहाज असायची शक्यता कोपऱ्याच्या तिपटीहून जास्त! प्रत्येक नेमानंतर ही मोजणी परत करायची, हुकलेले चौकोन वगळून, आणि ज्याचा आकडा सगळ्यात मोठा तिथे मारायचं. असं खेळणारा प्रोग्राम साधारण चाळीस-पंचेचाळीस नेमांत डाव संपवतो आणि तुझ्या पाटीकडे एकदाही बघत नाही.

पाच जहाजं ठेवायच्या एकूण पद्धती 3,009 कोटींच्या वर जातात म्हणून घाबरू नकोस, त्या सगळ्या मोजायची गरजच नसते. एकेक जहाज सुटं धरलं तर जागा होतात 120, 140, 160, 160 आणि 180, म्हणजे फक्त 760. एवढं तर गेम बॉयच्या 8 किलोबाइट मेमरीत पण आरामात बसतं.

आणि स्वतःची जहाजं लपवताना हेच उलटं कर, एक-दोन जहाजं कडेला चिकटवून ठेव. पण सगळी नको, समोरचा माणूस असेल तर दोन डावांत ओळखतो. परीक्षा संपली की हा प्रोग्राम स्वतः लिही, रात्रभर बसशील बघ.

प्रश्न (ठाणे): दोघं भाऊ एकाच टीव्हीवर जहाजांचा गेम लावतात आणि पाच मिनिटांत भांडण, “तू माझी जहाजं बघितलीस”. कोणाचं चुकतं?

उत्तर: दोघांचंही नाही, टीव्हीचं चुकतं. मला वाटतं या खेळाला व्हिडिओ गेम करताना खरी अडचण तीच होती. बुद्धिबळात सगळं दोघांना दिसतं म्हणून तो एका पडद्यावर छान चालतो, पण बॅटलशिपचा जीव कशात आहे तर तुझी पाटी मला दिसत नाही यात. डब्याचं झाकण मध्ये उभं राहायचं ना, ते झाकण म्हणजेच खेळ. टीव्हीला झाकण नाही. म्हणून मोठ्या मशीनवरच्या गेममध्ये दुसऱ्या गोष्टी भरल्या, एनईएसवरच्या बॅटलशिपमध्ये जहाजागणिक वेगळी क्षेपणास्त्रं होती, एका फटक्यात बरेच चौकोन उडवणारी. बघायला भारी पण मला त्यात नेम धरायची धाकधूक राहत नाही असं वाटतं.

गेम बॉयवर मात्र हा खेळ घरी परत आल्यासारखा वाटायचा. दोन मशीन, दोन पडदे, मध्ये लिंक केबल, प्रत्येकजण आपापली जहाजं छातीशी धरून बसलाय आणि समोरच्याचा फक्त चेहरा दिसतोय. रडार मिशन असंच दोघांना खेळता यायचं. तर तुम्ही मुलांना दोन फोन द्या, किंवा टीव्ही बंद करून दोन वह्या द्या, भांडण थांबेल. निदान या कारणाचं तरी.

प्रश्न (कणकवली): माझं वय 71. नातू न्यू जर्सीला असतो, दहा वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलून झालं की त्याला कंटाळा येतो. तुम्ही लिहिलेला हा जहाजांचा खेळ आम्हाला फोनवर खेळता येईल का? मला कंप्युटर गेम जमत नाहीत.

उत्तर: काका, हा खेळ जणू तुमच्या दोघांसाठीच आहे. काही डाउनलोड करू नका. तुम्ही एक चौकटीची वही घ्या, त्याला एक घ्यायला सांगा. दोघांनी 10 बाय 10 च्या दोन-दोन पाट्या आखायच्या, एकीवर आपली पाच जहाजं (मापं वरच्या नाशिकच्या उत्तरात आहेत) आणि दुसरीवर आपण मारलेले नेम. वर 1 ते 10 आकडे, बाजूला अक्षरं. लागलं तर फुली, हुकलं तर गोळा.

अक्षरं मराठी घ्या, क ख ग घ च छ ज झ ट ठ बरोबर दहा होतात. मी भाचीबरोबर असं खेळलोय, फोनवर क आणि ख, ज आणि झ यांत फार घोटाळा होतो, तिने झ म्हटलं मी ज ऐकलं आणि माझं चांगलं लपलेलं जहाज उगाच वाचलं, मग ती रुसली. त्यानंतर आम्ही पूर्णच म्हणायला लागलो, कमळातला क सात, खटाऱ्यातला ख तीन, घरातला घ नऊ. नातवाची अंकलिपीही पक्की होईल, तो तिकडे खटारा म्हणजे काय हे नक्की विचारणार आणि तुमचा कॉल आणखी दहा मिनिटं वाढणार.

दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या नाहीतर वाद होतात. जहाजं एकमेकांना चिकटलेली चालतील का? डब्याच्या नियमात चालतात, रशियात कागदावर खेळतात तिथे चालत नाहीत. आणि बुडालं की कुठलं बुडालं ते सांगायचं का? मी म्हणेन सांगा, लहान मुलाला ते ऐकायलाच मजा येते.

कॉलला वेळ कमी असेल तर साल्व्होचा नियम लावा, म्हणजे आपली जेवढी जहाजं शिल्लक तेवढे नेम एका पाळीत. सुरुवातीला पाच-पाच नेम, एक जहाज गेलं की चार. डाव अर्धा राहिला तर वही मिटून ठेवा, पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. तुमच्याकडे रात्र आणि त्याच्याकडे सकाळ असेल तेव्हाची वेळ धरा, आणि पहिल्या डावात पाचवालं मोठं जहाज मध्यावर ठेवू नका, वरचं नाशिकचं उत्तर नातवाच्या हातात पडलं असेल तर तो पहिला नेम तिथेच मारेल.